चेहऱ्यावरचे वय आणि दाखल्यावरचे वय

गेल्या महिन्यातली गोष्ट. दुपारची वेळ होती, दवाखान्यात गर्दी नव्हती. कोयनेकाठच्या एका गावातल्या आजी रक्तदाब तपासायला आल्या होत्या. सोबत बारावीत शिकणारा नातू. मी पट्टा गुंडाळून ठेवतो न ठेवतो तोच त्याने मोबाइल पुढे केला. "डॉक्टर, हे बघा. नुसता चेहरा बघून वय सांगतं." त्याने आजींचा फोटो काढला. पडद्यावर आकडा आला, ८४. मग हौसेने माझाही काढला. मी त्या वेळी चौसष्ट वर्षांचा. यंत्र म्हणाले, ७१. मला ते काही मानवले नाही. खुर्ची खिडकीजवळ ओढली, चष्मा काढला आणि पुन्हा फोटो घ्यायला लावला. या वेळी ६६. गोळी नाही, इंजेक्शन नाही, पाच मिनिटांत मी पाच वर्षांनी तरुण झालो!

नातू हसला, मीही हसलो. आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून आधारकार्ड काढून टेबलावर ठेवले. त्यावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९५५. "ह्या कार्डापायी एसटीत अजून अर्धं तिकीट काढावं लागतंय," त्या म्हणाल्या. "भूकंप झाला तवा माझा थोरला पाळण्यात व्हता. मला सतरावं सरलं व्हतं. मग मी पंचाहत्तरीच्या पुढं न्हाई का? ह्या मशिनीचं वय धरत्यात का कुठं?"

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. आजींचा हिशेब बरोबर धरला तर त्यांची पंचाहत्तरी झालेली आहे. आधारकार्डाप्रमाणे त्यांनी नुकतीच सत्तरी ओलांडली आणि यंत्राप्रमाणे चौऱ्याऐंशी. एका बाईची तीन वये, आणि पंचाहत्तर पूर्ण झालेल्यांना राज्यात २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत. आजींच्या प्रश्नाला मी तेव्हा "नाही धरत" एवढेच उत्तर दिले. पण तो प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. म्हणून या आठवड्यात हाच विषय.

चेहऱ्यावरून वय ओळखण्याचा उद्योग संगणकाने काल-परवा सुरू केलेला नाही. १९९४ साली अमेरिकेत फ्लोरिडामधल्या क्वॉन आणि लोबो या दोघा संशोधकांनी छायाचित्रांवरून माणसांचे तीन गट पाडून दाखवले : तान्ही बाळे, तरुण आणि वृद्ध. त्यांची रीत समजायला सोपी होती. तान्ह्या बाळाचे कपाळ मोठे आणि हनुवटी इवलीशी असते. डोळे डोक्याच्या मध्यापेक्षा खाली असतात. मूल वाढते तसा चेहऱ्याचा खालचा भाग लांबतो आणि ही प्रमाणे बदलतात. संगणकाने डोळे, नाक, हनुवटी यांच्यातली अंतरे मोजायची आणि बाळ वेगळे काढायचे. तरुण आणि म्हातारा वेगळा करायला मग कपाळावरच्या, डोळ्यांच्या कडेच्या आणि गालांवरच्या सुरकुत्या शोधायच्या.

आजची यंत्रे असे काही शिकवलेले नियम वापरत नाहीत. त्यांना लाखो फोटो दाखवतात, प्रत्येकासोबत खरे वय. यंत्र आधी काहीतरी आकडा ठोकते. तो चुकला की किती चुकला ते त्याला कळवले जाते आणि ते आपल्या आतली गणिते थोडी सरकवते. हे अगणित वेळा झाले की अंदाज जवळ जवळ येऊ लागतो. बैलबाजारातला मुरलेला दलाल असाच तयार होतो. फरक एवढाच की दलाल बैलाचे तोंड उघडून दात बघतो. दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. दात हे घड्याळ आहे, ते ठरल्या वेळी येतात. चेहरा हे घड्याळ नव्हे. यंत्राला सुरकुती म्हणजे काय, म्हातारपण म्हणजे काय, यातले काही ठाऊक नसते. त्याला दिसतात ते उजेडाचे आणि सावलीचे ठिपके. म्हणून तर मी खिडकीजवळ सरकलो आणि माझे वय उतरले.

यंत्रे सुधारली आहेत हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१४ साली आणि पुन्हा २०२४ साली अशा यंत्रांची परीक्षा घेतली. व्हिसासाठी काढलेल्या फोटोंवर पूर्वी सरासरी चूक ४.३ वर्षांची होती, ती ३.१ वर्षांवर आली. पुरुषांच्या मानाने स्त्रियांच्या चेहऱ्यांबाबत चुका जवळजवळ नेहमीच जास्त निघाल्या. पण वाचकांनी 'सरासरी' या शब्दापाशी थोडे थांबावे. सरासरी चूक तीन वर्षांची याचा अर्थ प्रत्येकाचे वय तीन वर्षांनी चुकते असा नाही. कोणाचे तंतोतंत जुळते, कोणाचे आठ-दहा वर्षांनी हुकते, आणि आपण कोणत्या टोकाला आहोत हे यंत्राला सांगता येत नाही. हा फोटोही व्हिसाचा असतो, चेहरा समोर, उजेड चांगला, डोक्यावर पदर नाही. आमच्या आजींचा फोटो पंख्याच्या वाऱ्यात हलत्या पदरानिशी काढलेला.

लहानपणी चेहरा वाढीमुळे बदलतो आणि वाढीला एक क्रम असतो. विशीनंतर चेहरा बदलतो तो झिजेमुळे. तिला काही वेळापत्रक नाही. ऊन, धूर, तंबाखू, उपासमार, बाळंतपणे, पडलेले दात हे सगळे चेहऱ्यावर आपापली नोंद करून जातात. २०१२ साली अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षे त्याने गाडी चालवली. तिकडे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे काचेतून येणारे ऊन इतकी वर्षे त्याच्या डाव्या गालावर पडत राहिले. फोटोत त्याचा उजवा गाल वयाला साजेसा आहे आणि डावा गाल सुरकुत्यांनी भरून लोंबल्यासारखा. एकाच माणसाच्या चेहऱ्याच्या दोन बाजू दोन वयांच्या. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. एसटीच्या जुन्या चालकांनी आरशात उजवा गाल जरा निरखून पाहावा.

मग विचार करा, ज्या बाईने चाळीस वर्षे खुरपणी केली, चुलीचा धूर खाल्ला, सकाळ-संध्याकाळ मिश्री लावली आणि पन्नाशीच्या आत पुढचे दात गमावले, तिच्या चेहऱ्यावरून कोणी वय काय काढणार? यंत्राचे सोडा, मीही फसलेलो आहे.

१९९३-९४ चा सुमार असेल. दवाखाना थाटून मला तीन-चारच वर्षे झाली होती. एक बाई येत असत. थकवा, अंग जड, हातापायांना गोळे, थंडी सोसवत नाही. चेहरा सुजट, कातडी कोरडी, केस विरळ, आवाज घोगरा. वय विचारले की त्या म्हणत, "असंल की पन्नास-साठ." मी चेहऱ्याकडे पाहून केसपेपरवर 'अंदाजे ६०' असे लिहिले आणि तिथेच चुकलो. एकदा साठ लिहिल्यावर त्यांच्या प्रत्येक तक्रारीला माझ्याकडे उत्तर तयार झाले. वयोमानाने असे व्हायचेच. कॅल्शियमच्या गोळ्या द्यायच्या, तेल चोळायला सांगायचे. दीड वर्ष हे चालले. एके दिवशी त्यांचा थोरला मुलगा सोबत आला. बोलता बोलता कळले की तो अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि आईचे लग्न पंधराव्या वर्षी झाले होते. मी मनात बेरीज केली आणि मला घाम फुटला. बाई पंचेचाळीसच्या आतबाहेर होत्या. त्या वेळी थायरॉइडच्या तपासणीसाठी रक्त शहरात पाठवावे लागे, अहवाल यायला आठवडा लागे. अहवाल आला तेव्हा त्यांची थायरॉइड ग्रंथी जवळजवळ झोपलेली निघाली. रोजची एक गोळी सुरू केली. पाच-सहा महिन्यांत सूज उतरली, आवाज सुटला आणि चेहरा दहा-बारा वर्षांनी मागे गेला. शेजारणी विचारू लागल्या की शहरात जाऊन काय केलेस म्हणून.

जे वय औषधाने कमी होते ते वय नव्हते, तो आजार होता. मी आजाराला वय समजून दीड वर्ष त्या बाईंना तेल चोळायला लावले. तेव्हापासून माझ्या दवाखान्यात चेहऱ्यावरून वय लिहायचे नाही असा नियम आहे. थोरल्या मुलाचे वय विचारायचे, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होतात ते विचारायचे, भूकंप आठवतो का विचारायचे. आमच्या कंपाउंडरला याचा कंटाळा येतो, पण उपाय नाही.

आता गंमत पाहा. मी ज्याला चूक म्हणतो, त्याच फरकाचा काही संशोधक उपयोग करू पाहत आहेत. डेन्मार्कमध्ये सत्तरीपुढच्या १,८२६ जुळ्या व्यक्तींचे फोटो परिचारिकांना, शिकाऊ शिक्षकांना आणि वयस्क बायकांना दाखवून अंदाजे वय विचारले गेले. मग त्या जुळ्यांचे पुढे काय होते याची काही वर्षे नोंद ठेवली. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जुळ्यांपैकी जो अधिक म्हातारा दिसत होता तो बहुधा आधी गेला, आणि दिसण्यातला फरक मोठा तितकी ही शक्यताही मोठी. जन्मतारीख दोघांची एकच, हे लक्षात घ्या. मे २०२५ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या डॉक्टरांनी हेच काम संगणकाकडे सोपवल्याचे प्रसिद्ध केले. 'फेसएज' असे त्या पद्धतीचे नाव. कर्करोगाच्या ६,१९६ रुग्णांच्या चेहऱ्यांवरून काढलेले वय त्यांच्या खऱ्या वयापेक्षा सरासरीने सुमारे पाच वर्षे जास्त भरले. ज्यांचे चेहऱ्यावरचे वय जास्त, त्यांचे पुढचे आयुष्य कमी, असेही साधारण दिसले. कोणत्या रुग्णाला कडक उपचार झेपेल, कोणाला झेपणार नाही, हे ठरवताना त्याची मदत व्हावी अशी त्यांची कल्पना आहे.

कल्पना चांगली आहे. अनुभवी वैद्य रोगी दारातून आत येतानाच पुष्कळसे ताडतो, त्याला आकड्याची जोड मिळाली तर हरकत कसली? पण माझ्यासारख्या तालुक्याच्या गावच्या डॉक्टरच्या दोन शंका आहेत. एक, ते यंत्र ज्या ५८ हजारांवर फोटोंवर तयार झाले, त्यांतले बहुतेक फोटो सिनेमाविषयक आणि विश्वकोशाच्या संकेतस्थळांवरून घेतलेले, म्हणजे नटनट्या व नामवंत मंडळींचे. साठीतली नटी आणि साठीतली ऊसतोड मजूर यांचे चेहरे एका मापाने मोजले तर मजुरीण दर वेळी आजारीच ठरेल. दुसरी शंका अधिक मूलभूत आहे. चेहऱ्याचे वय उणे खरे वय, हा फरक काढायचा तर खरे वय ठाऊक हवे. आमच्याकडे ते कुठे आहे? माझ्या कपाटातले जुने केसपेपर चाळले तर निम्मा तालुका १ जूनला जन्मलेला दिसेल. शाळेत नाव घालताना गुरुजींनी घातलेली ती तारीख. जे शाळेतच गेले नाहीत ते आधारकार्ड काढताना १ जानेवारीला जन्मले. दोन अंदाजांची वजाबाकी करून जे येईल त्याला विज्ञान कसे म्हणावे?

दवाखान्यात चुकले तर निदान पुन्हा तपासता येते. मला खरी धास्ती आहे ती दवाखान्याबाहेरची, अठरा या आकड्याची.

ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला बंदी आली. वय पडताळण्याच्या मार्गांपैकी एक मार्ग चेहऱ्याचा फोटो हा आहे. आपल्याकडेही २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती आवश्यक ठरवली, तेव्हा हे यंत्र इकडेही येणारच. मुलाला खाते उघडता आले नाही तर फारसे बिघडत नाही. पण जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केले की आश्रय मागायला आलेल्या परदेशी मुलांच्या वयाबद्दल वाद असेल तर चेहऱ्यावरून वय काढणारे यंत्र वापरण्याचा विचार आहे. युद्धातून, उपाशीतापाशी, महिनोन्महिने उन्हावाऱ्यातून चालत आलेला सोळा वर्षांचा मुलगा यंत्राला किती वर्षांचा दिसेल?

आपला कायदा या बाबतीत बरा आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमात क्रम ठरवून दिला आहे. पाहताक्षणी मूल आहे हे उघड असेल तर समितीने तसे नोंदवून पुढे जावे. शंका असेल तर आधी शाळेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी किंवा 'अन्य अद्ययावत' वैद्यकीय चाचणी. हाडांच्या तपासणीत मनगट, कोपर वगैरेंचे एक्स-रे काढून हाडांची टोके जुळली की नाही ते बघतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटले आहे की या तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते. हाडाची ही गत, तर कातडीची काय सांगावी? त्या कलमातला 'अद्ययावत' हा शब्द मला टोचतो. उद्या कोणी उत्साही अधिकारी मोबाइल पुढे करून म्हणेल की हीच अद्ययावत चाचणी. तेव्हा आजच सांगून ठेवतो, चेहऱ्याचा फोटो ही वयाची वैद्यकीय चाचणी नव्हे.

हे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो? लग्नसराई आली की दवाखान्यात दरवर्षी दोन-तीन बाप येतात. पोरीला नवे पातळ नेसवलेले, केसांत गजरा, ओठांना रंग. "डॉक्टर, वयाचा दाखला पाहिजे. अठरा सरलीत. बघा की, बघून कळतंय." बघून खरोखरच वीस वर्षांची वाटते. मी शाळेतून निर्गम उतारा आणायला सांगतो. मग बाप पुन्हा फिरकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. पाचातली एक म्हणा. त्या बापाच्या खिशात आता मोबाइल आहे. त्यात मुलीचे वय वीस दिसले की तो पडदा तो भटजीला दाखवील, मंडपवाल्याला दाखवील, पोलीसपाटलाला दाखवील. डॉक्टर 'नाही' म्हणू शकतो. यंत्राला 'नाही' म्हणता येत नाही, ते विचारणाऱ्याला आकडा देऊन मोकळे होते. उलट कुपोषणाने खुरटलेली एकोणीस वर्षांची मुलगी यंत्राला चौदाची दिसेल आणि कामाच्या जागी, बँकेत, कचेरीत तिला हकनाक अडवतील.

मायक्रोसॉफ्ट या कंपनीने २०१५ साली फोटोवरून वय सांगणारे एक संकेतस्थळ काढले होते आणि जगभर लोकांनी त्यावर करमणूक करून घेतली. त्याच कंपनीने २०२२ साली आपल्या चेहरा ओळखणाऱ्या सेवेतून वय, लिंग आणि भावना सांगण्याची सोय मागे घेत असल्याचे जाहीर केले. ज्यांनी यंत्र बनवले त्यांना जेवढा संकोच वाटला, तेवढा ते वापरणाऱ्यांनाही वाटायला हवा.

वाचकांपैकी कोणाच्या घरी यंत्राने वय फार जास्त सांगितले असेल तर घाबरून जाऊ नये. पण ओळखीची माणसे "अलीकडे एकदम उतरल्यासारखे दिसता" असे वरचेवर म्हणू लागली असतील तर मात्र दवाखाना गाठावा. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि वजन एवढे तरी बघून घ्यावे. आणि डॉक्टरने न तपासता 'वयोमानाने होते' असे म्हटले तर त्याला वय कशावरून लिहिले ते विचारावे. मला विचारले असते तर बरे झाले असते.

आजींच्या नातवाला मी मोबाइल ठेवून तहसील कचेरीत जायला सांगितले होते. तिथल्या अभिलेख कक्षात जुन्या कोतवाल बुकाची नक्कल मिळते. पोरगा चिकाटीचा निघाला, तीन खेपा घातल्या. परवा दोघे पुन्हा आले. आजींच्या वडिलांच्या नावापुढे दोन नोंदी सापडल्या होत्या, एक १९४७ ची, एक १९५० ची. दोन्हींत मुलीचे नाव नाही, नुसते 'स्त्री' एवढेच. यातल्या तुम्ही कोणत्या, असे मी विचारले. आजी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही.

"थोरली देवीत गेली," त्या म्हणाल्या. "तिचं नाव मला आई सांगायची. ह्यात ते लिवलेलं न्हाई व्हय?"